संततिनियमन : साधन घरी आले, निर्णय कोणाचा?

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या काळात आपण विहारात एकत्र जमतो, पूज्य बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचे वाचन करतो आणि त्यावर विचारविनिमय करतो. आजचा माझा विषय ऐकून कित्येकांना असे वाटेल की, हा विषय दवाखान्यात बोलावयाचा, विहारात नव्हे. विषय आहे संततिनियमनाचा. विवाहित स्त्री पाळणा लांबविण्याचे किंवा थांबविण्याचे साधन वापरते की नाही, कोणते वापरते, केव्हा वापरते आणि हे सारे कोण ठरविते, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे. सासू-सुना, दीर-भावजया एकत्र बसलेल्या सभेत या गोष्टी बोलण्यास संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भगवान बुद्धांनी दुःख लपविण्यास सांगितलेले नाही. दुःखाचे कारण शोधण्यास सांगितले आहे. ज्या दुःखाविषयी बोलण्याची बंदी असते, त्याचे कारण कधीच सापडत नाही.

बाबासाहेबांचा वारसा

हा विषय आपल्या चळवळीस नवा नाही. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या काळात गिरणी कामगार स्त्रियांना रजा व भत्ता मिळावा म्हणून मांडलेल्या विधेयकास बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. प्रो. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्या काळी सुशिक्षित समाजही त्यांच्याकडे पाठ फिरवून बसला होता. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेबच. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने आमदार प्र. ज. रोहम यांनी ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोमाने प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांस उपलब्ध करून द्यावीत, अशी त्याची मागणी होती. बाबासाहेबांनी त्यासाठी तयार केलेले भाषण रोहम यांनी सभागृहात वाचून दाखविले. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना भोगाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही पुरुष तयार झाला नसता, अशा आशयाचे विधान त्यात आहे. सभागृहाने तो ठराव फेटाळला. सरकारी धोरण म्हणून कुटुंबनियोजन स्वीकारण्यास 1952 साल उजाडावे लागले.

1942 च्या जुलै महिन्यात नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, अधिक मुले होऊ देऊ नका, आणि लग्नानंतर नवऱ्याची दासी न होता त्याच्या बरोबरीने मैत्रीण म्हणून उभ्या राहा. या तीन गोष्टी त्यांनी एकाच भाषणात सांगितल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लहान कुटुंब ही एक गोष्ट झाली आणि स्त्रीची बरोबरी ही दुसरी. पहिली आपण उचलली; दुसरीचे काय झाले, हा माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

माता रमाईंचे आयुष्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार दारिद्र्याच्या काळात दगावली, आणि 1935 च्या मे महिन्यात त्या स्वतःही आपल्यातून गेल्या. वारंवारच्या बाळंतपणांनी झिजलेले शरीर आणि अंगणातून उचललेली लहान प्रेते हे त्या काळच्या प्रत्येक वस्तीतील स्त्रीचे नशीब मानले जात होते. बाबासाहेबांनी 1938 साली मांडलेला प्रश्न केवळ ग्रंथातून आलेला नव्हता.

आकडे काय सांगतात?

आता आजची स्थिती पाहू. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतातील 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 67 टक्के स्त्रिया संततिनियमनाचे काही ना काही साधन वापरतात. त्याआधीच्या, म्हणजे 2015-16 च्या पाहणीत हे प्रमाण 53.5 टक्के होते. देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात होणाऱ्या अपत्यांची सरासरी, 2.0 वर आला आहे. महाराष्ट्रात तो 1.7 आहे. आणि याच पाहणीत धर्मवार आकडे पाहिले तर सर्वांत कमी जननदर बौद्धांचा, नवबौद्ध धरून, 1.39 इतका आहे.

हा आकडा ऐकला की आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटावयास हरकत नाही. आपल्या आयाबायांनी मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब लहान ठेवले, ही गोष्ट खरी आहे. परंतु एवढ्यावर थांबणाऱ्यास मी एक प्रश्न विचारतो. घरात मुले कमी जन्मली याचा अर्थ घरातील स्त्री स्वतंत्र झाली, असा होतो काय? तसे असते तर ज्या साधनांनी हा जननदर खाली आला, ती साधने पाहून आपले समाधान व्हावयास हवे होते. ती पाहू.

देशातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ 38 टक्के स्त्रियांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे निम्मे आहे. निरोध वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण देशात 9.5 टक्के, गोळ्यांचे 5.1 टक्के आणि तांबीचे 2.1 टक्के. पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के. म्हणजे सव्वाशे स्त्रिया शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतात तेव्हा कोठे एक पुरुष चढतो. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा सोपी व कमी धोक्याची आहे. पोट उघडावे लागत नाही आणि मनुष्य थोड्या वेळात घरी जाऊ शकतो. तीन महिने निरोध वापरून तपासणी करून घेतली की काम संपले. जे सोपे आहे ते पुरुषाने टाळावे आणि जे अवघड आहे ते स्त्रीने पत्करावे, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? वैद्यकशास्त्रात तर बसत नाही. तो मनुस्मृतीच्या शास्त्रात बसतो, आणि ती मनुस्मृती आपण 1927 साली महाडला जाळली आहे.

साधनाची निवड कोण करते?

स्त्री साधन निवडते असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या भोवतालची परिस्थिती ते आधीच निवडून ठेवते. या परिस्थितीची अंगे एकेक करून पाहावयास हवीत.

पहिले अंग शिक्षण व विवाहाचे वय. याच पाहणीप्रमाणे शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांचा जननदर 2.8 आहे, तर बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या स्त्रियांचा 1.8. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झालेली होती. अशी एक स्त्री डोळ्यांपुढे आणा. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी पहिले मूल, विसाव्या वर्षी दुसरे, तेविसाव्या वर्षी तिसरे, आणि पंचविसाव्या वर्षी ऑपरेशन. पहिल्या आणि दुसऱ्या मुलात अंतर ठेवण्यासाठी तिने काही वापरले काय? नाही; कारण ते तिला कोणी सांगितले नाही, आणि विचारण्याइतके तिचे त्या घरात वजन नव्हते. सरकारी दप्तरात तिची नोंद ‘साधन वापरणारी’ अशी होते. परंतु जेव्हा साधनाची सर्वांत जास्त गरज होती ती सात वर्षे तिने साधनावाचून काढली.

दुसरे अंग मजुरी. पैसा मिळविणाऱ्या स्त्रीचा शब्द घरात चालतो, हे केवळ अनुमान नव्हे. या पाहणीत नोकरी वा कामधंदा करणाऱ्या स्त्रियांपैकी 66.3 टक्के स्त्रिया आधुनिक साधन वापरताना आढळल्या; काम न करणाऱ्यांत ते प्रमाण 53.4 टक्के होते. परंतु मजुरी मिळते एवढ्याने भागत नाही. ती कोणत्या अटीवर मिळते, हेही पाहावे लागते. जिचा खाडा झाला की दिवस बुडतो, ती तांबी बसवून पुन्हा तपासणीस कशी जाणार? जिचे घर म्हणजे एकच खोली, ती गोळ्यांचे पाकीट कोठे ठेवणार? जिच्या गावापासून उपकेंद्र कोसभर दूर, तिने दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा हिशोब कसा राखावा? अशा स्त्रीला एकच साधन परवडते : ज्याच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही ते. म्हणून ती म्हणते, ‘एकदाचे ऑपरेशन करून मोकळी होते.’ लोकांस यात तिची पसंती दिसते. मला त्यात तिच्या वेळेची, जागेची आणि पैशाची टंचाई दिसते.

या टंचाईचे टोक पाहावयाचे असेल तर ऊसतोडीच्या फडात चला. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि खाडा झाल्यास दंड बसतो. बाळंतपण, पाळी, आजार यांपैकी कशालाही या व्यवहारात जागा नाही. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशय काढणे हे संततिनियमन नव्हे, हे मी जाणतो. परंतु मार्ग एकच आहे. लहान वयात लग्न, भराभर बाळंतपणे, विशीतच ऑपरेशन, पुढे अंगावर काढलेली दुखणी, आणि शेवटी ‘मुले झाली आहेत, आता पिशवीचे काय काम?’ हा सल्ला. ज्या स्त्रीचे शरीर आधी वंशासाठी आणि मग कोयत्यासाठी गणले गेले, तिला त्या शरीराविषयी स्वतःचे मत असू शकते, हे कोणाच्या ध्यानीही आले नाही.

तिसरे अंग मुलाचा हट्ट. मुलगा होईपर्यंत साधन नको, आणि मुलगा झाला की लगेच ऑपरेशन, हा क्रम आपल्या वस्त्यांतूनही दिसतो. धर्मांतर करताना आपण श्राद्धपक्षाचा त्याग केला, पिंडदान सोडले. ज्याला पिंड द्यावयाचा नाही त्याला वंशाचा दिवा कशासाठी हवा? म्हातारपणाचा आधार म्हणून मुलगा हवा, असे उत्तर मिळते. हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यामागे गरिबाची खरी भीती आहे. निवृत्तिवेतन नाही, शेत नाही, विमा नाही. मुलगा हीच त्याची ठेव. परंतु त्या ठेवीचे व्याज सून आपल्या रक्तातून भरते, हेही तितकेच खरे आहे. आणि शिकलेली, कमावती मुलगी आईबापांना पोसते, हे आता वस्तीवस्तीत दिसू लागले आहे.

चौथे अंग पुरुषाची समजूत. याच राष्ट्रीय पाहणीत 35 टक्के पुरुषांनी असे मत दिले की, संततिनियमन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. नसबंदीने अशक्तपणा येतो, काम होत नाही, पुरुषत्व जाते, या समजुतींना कोणताही आधार नाही. त्या शस्त्रक्रियेत पुरुषाच्या शक्तीचे वा इच्छेचे काहीच कमी होत नाही. तरीही पुरुषाच्या मनातील भीतीस एक इतिहास आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

सत्तेचे वर्तन

1976-77 या आणीबाणीच्या वर्षात देशात 82 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. उद्दिष्टे पुरी करण्यासाठी गरीब, दलित, भूमिहीन माणूस सर्वांत आधी हाताशी सापडला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. 1977 साली जनतेने त्या राजवटीस धडा शिकविला. परंतु त्यापासून राज्यकर्त्यांनी काय बोध घेतला? सक्ती वाईट, हा बोध घेण्याऐवजी पुरुषाच्या वाटेला जाऊ नये, एवढाच घेतला. तेव्हापासून कार्यक्रमाचा सारा भार स्त्रीच्या पोटावर आला.

त्याचे फळ आपण पाहिले. 2012 च्या जानेवारीत बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शिबिरात 53 स्त्रियांची ऑपरेशने अत्यंत हलगर्जीपणाने उरकली गेली. 8 नोव्हेंबर 2014 रोजी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात 83 स्त्रियांची ऑपरेशने काही तासांत झाली, आणि त्यानंतर तेरा स्त्रिया प्राणास मुकल्या. त्या कोण होत्या? गरीब घरांतील तरुण आया. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात 14 सप्टेंबर 2016 रोजी निकाल देऊन तीन वर्षांत ही शिबिरे बंद करण्याचे निर्देश दिले. त्याआधी, 2009 साली, याच न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव खटल्यात सांगितले होते की मूल व्हावे की न व्हावे हे ठरविण्याचा स्त्रीचा अधिकार घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेने 1938 च्या त्या फेटाळलेल्या ठरावाची भरपाई अशा रीतीने केली.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे ज्यांची संख्या दोनांहून अधिक होते, त्यांस ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही, असा नियम करण्यात आला. वरवर पाहता नियम सर्वांस सारखा. परंतु राखीव जागेवर उभी राहणारी दलित स्त्री घ्या. तिसरे मूल सासरच्या हट्टाने झाले. निर्णय तिचा नव्हता. शिक्षा मात्र तिला. ज्या घराने तिला आपल्या शरीरावर सत्ता दिली नाही, त्याच कारणास्तव कायदा तिला गावाच्या सत्तेतूनही बाहेर काढतो. मुलांची संख्या कमी करण्याचा हा मार्ग हक्क काढून घेण्याचा आहे; बाबासाहेबांचा मार्ग हक्क देण्याचा होता.

धम्म काय सांगतो?

आता मी आपल्या घराकडे वळतो. सरकारास जाब विचारणारा समाज आपल्या घरात काय करतो, हेही पाहिले पाहिजे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, तिच्या हाती अधिकार सोपवावा, आणि तिला यथाशक्ति वस्त्रालंकार द्यावेत. अलंकाराची आठवण लग्नाच्या बोलणीत सर्वांस होते. अधिकाराची कोणाला होते? अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या धम्माने पत्नीच्या हाती अधिकार सोपविण्यास सांगितले, त्या धम्माचा अनुयायी आज स्वतःच्या शरीराविषयीही तिचे मत विचारीत नसेल, तर त्याने दीक्षेच्या वेळी म्हटलेल्या प्रतिज्ञा केवळ ओठांनीच म्हटल्या, असे मी समजतो.

यास्तव माझ्या काही सूचना आहेत.

प्रत्येक विहारात वर्षावासाचा एक दिवस आरोग्याच्या चर्चेस द्यावा. आशाताईंना व आरोग्य सेविकांना बोलवावे. निरोध, गोळ्या, तांबी, 2017 पासून सरकारी कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ इंजेक्शन व ‘छाया’ गोळी ही साधने सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. ती काय आहेत, कोणास चालतात, कोणास चालत नाहीत आणि त्रास झाल्यास काय करावे, हे स्त्रियांबरोबर पुरुषांनीही ऐकावे.

लग्न जमविताना पत्रिका पाहणे आपण सोडले, हे उत्तम केले. आता त्या जागी मुलीचे शिक्षण पुरे झाले आहे काय आणि पहिले मूल केव्हा हवे याविषयी मुलामुलीचे बोलणे झाले आहे काय, हे दोन प्रश्न विचारण्याची रीत पाडावी.

ज्या जोडप्यास आणखी मूल नको असेल, त्यातील पुरुषाने नसबंदीचा विचार आधी करावा. आपल्या कार्यकर्त्यांनी या बाबतीत स्वतःपासून आरंभ करावा; व्यासपीठावरून उपदेश करून लोक बदलत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे : स्त्रीच्या हाती कमाई आणि कमाईवर तिचा हात राहील असे पाहावे. बचत गटाचे पुस्तक, घराच्या उताऱ्यावर नाव, बँकेत स्वतःचे खाते या वस्तू संततिनियमनाच्या साधनांत मोजल्या जात नाहीत. तरी गोळीची किंवा तांबीची निवड खऱ्या अर्थाने निवड व्हावी, यासाठी त्या आधी लागतात.

सासवांना माझी विशेष विनंती आहे. आपण जे सोसले ते सुनेनेही सोसावे, हा न्याय जुन्या धर्माचा. पूर्वी एक पिढी दुसरीस अस्पृश्यता वारशाने देत असे. तो वारसा आपण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास टाकला. हा दुसरा वारसाही आपल्याच पिढीत टाकावयाचा आहे. सुनेस एकांतात जवळ घेऊन ‘बाई, तुला काय हवे?’ असे विचारण्यास ना पैसा लागतो, ना सरकारचा हुकूम.

1.39 हा आकडा पुढील पाहणीत वर जाईल की खाली, याची मला फारशी फिकीर नाही. तो ज्या स्त्रियांच्या आयुष्यांतून निघतो, त्यांपैकी प्रत्येकीला ‘हे मी ठरविले’ असे म्हणता आले पाहिजे. तसे जेव्हा म्हणता येईल, तेव्हा 1938 साली मुंबईच्या सभागृहात हरलेला तो ठराव आपल्या घराघरांत संमत झाला, असे मी मानीन.

नमो बुद्धाय! जयभीम!